पोचा कोणाचा

पन्नाकाका बसमध्ये चढण्याआधी पायरीजवळ क्षणभर थांबायचे आणि उजव्या हाताचं एक बोट अंगठ्यानं दाबायचे. मागून लोक रेटत असायचे, पोतीवाले, कॉलेजची पोरं, पिशवीतून कोंबडीची मान बाहेर काढून चढणारी एखादी म्हातारी. पण बोट दाबल्याशिवाय या माणसाचा पाय उचलत नव्हता. मी दारात उभी. सुरुवातीला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. मग एकदा कंटाळून मी म्हणाले, "काका, जप आत बसून करा ना."

"जप नाही बाई," ते चढता चढता म्हणाले. "एक झालं."

"काय एक झालं?"

"वाहन."

मी एसटीत कंडक्टर आहे. कधी अकोला-मंगरूळपीर, कधी मालेगाव-कारंजा, ड्युटी कुठलीही लागो, शेलूबाजारचा फाटा मध्ये येतोच. माणसं मला नावानं कमी आणि सीटनं जास्त आठवतात. पन्नाकाका म्हणजे दाराजवळची सीट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत छोटा चंदेरी कॅमेरा आणि त्याला गुंडाळलेला भांडी पुसायचा पिवळा कपडा. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. तोवर माझी बदली दुसऱ्या डेपोला झाली होती, आणि आमच्या जुन्या ड्रायव्हरनं, गजूभाऊनं, फोनवर दुसऱ्याच कशाचं तरी बोलताना मध्येच सांगितलं. तेव्हापासून ते बोट दाबणं सारखं आठवतं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

पूर्ण नाव पन्नालाल. शेलूबाजारच्या बाजारओळीत भांड्यांचं दुकान. जैन घर. त्यांच्यात रोज सकाळी नियम घ्यायची पद्धत असते. आज किती पदार्थ खाईन, किती कपडे अंगाला लावीन, किती वाहनांत बसेन, हे सकाळीच मनाशी ठरवायचं आणि दिवसभर पाळायचं. ठरवलेलं दिवसा कमी करता येतं, वाढवता येत नाही. घरातली बाकी मंडळी पर्युषणात पाळायची, काकांनी बारमाही धरलं होतं. पदार्थांचं आणि कपड्यांचं मला माहीत नाही, तो काकूंचा प्रांत. वाहनाचं मात्र माझ्या दारातच घडायचं. त्यांची वाहनं दोन. एक जायला, एक यायला.

यात मला काही नवल वाटलं नसतं. आमच्या गाडीत रोज तऱ्हेतऱ्हेचे उपास चढतात आणि उतरतात. पण या माणसाला वेड होतं ते जुन्या मोटारींचं. अकोला म्हणू नका, अमरावती म्हणू नका, वाशीम म्हणू नका, कुठं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं किंवा रॅली निघाली की दुकान काकूंवर टाकून हे निघाले. एसटीनं गाव गाठायचं, स्टँडपासून मैदानापर्यंत पायी, तिथं दिवसभर उन्हात उकिडवं बसून फोटो काढायचे, पुन्हा पायी स्टँड. ऑटोवाले मागे लागायचे, हे हात हलवायचे. एकाहून एक गाड्या त्यांनी नाक लावून पाहिल्या होत्या. बसले मात्र एकीतही नव्हते. त्यांची दोन्ही वाहनं आमची लाल गाडीच खाऊन टाकायची.

त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती पातेलं घ्यायला. हातात देण्याआधी त्यांनी पातेल्याला टिचकी मारली आणि मान तिरकी करून ऐकलं. "बोलते," म्हणाले आणि मग दिलं. जे भांडं बोलत नाही ते बाजूला ठेवायचे, गिऱ्हाईक घेतो म्हटलं तरी देत नसत. भांड्यावर नावं घालायचं छोटं मशीनही तेच चालवायचे, चष्मा कपाळावर सरकवून.

तीर्थंकरांच्या तसबिरीखाली, जिथं इतर दुकानांत कॅलेंडरं असतात, तिथं त्यांनी काढलेले फोटो चिकटवलेले होते. गंमत अशी की एकाही फोटोत अख्खी मोटार नव्हती. एकात नुसती दाराची मूठ, वरचं पांढरं निकल उडून खालचं पितळ दिसणारी. एकात पायदानाचं रबर. जुन्या मोटारींना दाराखाली, दोन चाकांच्या मध्ये, लांब फळीसारखं पायदान असतं, ते एकाच जागी पायानं झिजलेलं. आणि बाकी सगळ्यांत पोचे. मडगार्डाचे पोचे, बॉनेटचे पोचे, दारांचे पोचे.

"समोरून काहून नाही काढत?" मी विचारलं.

"समोरून साऱ्याच चांगल्या दिसतात. समोरून तं मी बी बरा दिसतो."

गल्ल्यावरून कमलाकाकू म्हणाल्या, "याहीच्या नादी नको लागू, बाई. एवढ्या गाड्यायचे फोटो काढले, माहा एक नाही काढला."

"तुले पोचा कुठी हाय?" काका म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं उत्तर असावं, कारण काकूंनी मान वर न करता चिल्लर ओढून घेतली.

पोचा म्हणजे भांड्याला पडतो तो खळगा. घरात आदळआपट झाली, हातातून घागर सुटली, की पडतो. भांडेवाल्याला पोच्याशी काय घेणं. जुनं भांडं मोडीत आलं की वजन करायचं आणि ढिगात टाकायचं. काका तसं करत नसत. बायका सासूची, आईची भांडी घेऊन यायच्या, आणि हे ती हातात फिरवून पोच्यावर अंगठा ठेवून विचारायचे, "हा पोचा कोणाचा?" बाई आधी गोंधळायची. मग तिला आठवायचं. सासूच्या हातून आडावर पडली होती. दीर रागावून फेकून मारायला धावला होता. बारशाच्या गर्दीत पोरानं लोटली. कधी कधी बाई सांगता सांगता भांडं परत पिशवीत घालायची आणि घरी न्यायची. काकू वैतागायच्या, धंदा बुडवता म्हणायच्या.

"नाव तं मी घालून देतो," काका मला म्हणाले, "ते मशीनचं काम. पोचा ज्याचा त्याचा असते."

अकोल्याच्या प्रदर्शनाला मी त्यांच्याबरोबर गेले. बरोबर म्हणजे काय, माझी गाडी अकोल्याला दुपारभर थांबणार होती आणि डेपोत बसून करायचं काय, म्हणून मागे मागे चालत गेले. मैदानावर मंडप, ढोल, सेल्फी काढणारी पोरंपोरी. गाड्या धुऊन पुसून अशा उभ्या होत्या की बघणाऱ्याचं तोंड त्यात दिसावं. लोक गाडीसमोर पाय रोवून फोटो काढून घेत होते. काका प्रत्येक गाडीच्या मागच्या बाजूनं शिरायचे, गुडघ्यावर हात टेकून खाली बसायचे, आणि फोटोआधी पत्र्याला टिचकी मारायचे.

एका लालभडक, उघड्या टपाच्या गाडीला त्यांनी टिचकी मारली तेव्हा मालक धावत आला. गॉगल, गळ्यात साखळी. "ओ बाबा, हात नाही लावायचा. एक डेंट नाही गाडीवर, एक. विचारा कोणाला बी."

काका उठून उभे राहिले. खऱ्याच काळजीनं विचारलं, "एक बी नाही? मंग चालवत कोण होतं?"

मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावून पुढं निघून गेले. काकांना त्यात टोमणा मारायचा नव्हता, त्यांना उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून त्या लाल गाडीचा फोटो त्यांनी काढला नाही.

रांगेच्या शेवटी एक काळी ऑस्टिन उभी होती. तिच्याजवळ गर्दी नव्हती. रंग जुना, काचेला एका कोपऱ्यात धूर लागल्यासारखा डाग. डाव्या मडगार्डावर भला मोठा पोचा, ताटलीएवढा. मालक अमरावतीचे वकील, पांढरे केस, घडीच्या खुर्चीवर बसून पेरू खात होते. काकांनी टिचकी मारली तरी ते उठले नाहीत.

"हा कोणाचा?" काकांनी पोच्यावर अंगठा ठेवला.

वकीलसाहेबांनी पेरू खाली ठेवला. "आईचा," म्हणाले. "गाडी शिकत होती. आमच्याच फाटकाच्या खांबावर घातली. मग वडिलांनी पुन्हा चालवू दिली नाही. ती गेल्यावर मी गाडी रंगवायला दिली, तर मेकॅनिक म्हणाला, आधी हा काढावा लागेल. मी गाडी तशीच परत आणली."

काका खाली बसले आणि त्या पोच्याचे फोटो काढत राहिले. त्यांचे बरेचसे फोटो वाकडे यायचे हे मला सांगायला हरकत नाही. कॅमेरा तिरका धरायचे आणि ते कबूल करायचे नाहीत. पण त्या दिवशीचा एक फोटो साधला. काळ्या पत्र्याच्या खळग्यात सगळा मंडप, आभाळ, झेंडे उलटे झालेले, आणि मधोमध उकिडवा बसलेला एक छोटा माणूस, तोंडाशी कॅमेरा. तो फोटो त्यांनी कारंज्याहून मोठा करून आणला. एक प्रत दुकानात, एक वकीलसाहेबांना.

तिथूनच त्या दोघांचं जमलं. वकीलसाहेब जिथं जिथं गाडी न्यायचे तिथून काकांना फोन यायचा. आणि दर वेळी ते डावीकडचं दार उघडून म्हणायचे, "बसा, एक चक्कर मारू." काका दार बघायचे, आतली फाटकी तपकिरी सीट बघायचे, आणि म्हणायचे, "पुढच्या खेपेले."

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "तीन धरा ना काका. नियम तुमचाच, घ्यायचा बी तुमीच. उद्या सकाळी तीन वाहनं म्हणा, झालं."

"लालच पाहून धरला तं त्याले नियम नाही म्हणत."

"मंग काय म्हणतात?"

"यादी म्हणतात. बाजारात न्याची."

मी तिकीट मशीन घेऊन मागच्या सीटांकडे वळले.

वाशीमचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षीचं. शाळेच्या मैदानावर आपल्याच भागातल्या जुन्या गाड्या मांडल्या होत्या. जीपा, ॲम्बेसेडर, एक-दोन ट्रॅक्टर, राजदूत मोटारसायकली. संध्याकाळी मी शेवटच्या गाडीत काकांची सीट धरून ठेवली. पिशवी ठेवली, लोकांशी भांडले. काका आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेपेला स्टँडवर उभे, दाढी वाढलेली, बोट दाबून चढले.

"कुठी होते रातभर?"

"मंदिराच्या धर्मशाळेत. दुसरं वाहन झालं होतं."

झालं असं की एका जीपवाल्यानं, हौशी माणूस, "बसा हो काका, फोटो काढतो तुमचा" म्हणून खांद्याला धरून त्यांना सीटवर दाबून बसवलं. हे उठेपर्यंत बसणं होऊन गेलं होतं.

"अहो, गाडी हालली तरी का जागची?"

"बसलो ना. बसणं मोजतो मी. हालणं कुठी मोजतो?"

"दाबून बसवलं त्यानं. तुमी कुठी बसले?"

"उठतो म्हणू शकत होतो. नाही म्हटलं." मग, खिडकीकडे बघत, "बरी होती सीट."

त्या जीपच्या दिव्याभोवतीचं कडं शंभर टक्के पितळी आहे असंही त्यांनी तिथं ठासून सांगितलं होतं, आणि मालकानं सगळ्यांसमोर ते नखानं उचकटून दाखवलं. प्लॅस्टिक निघालं, वर सोनेरी रंग. तो फोटो त्यांनी दुकानात अगदी मध्यावर लावला. कोणी विचारलं, यात काय हाय शेठजी, तर म्हणायचे, "हा पोचा माहा."

पंचाहत्तरी पार झाली की एसटी फुकट होते. म्हातारे त्या वयाची वाट बघत असतात. कार्ड मिळालं की तीर्थं, लेकीची गावं, नुसताच तालुका, रोज कुठंतरी निघतात. काकांनी त्याच वर्षी ठरवलं की वाहन कायमचं सोडायचं. चातुर्मासात महाराजांपाशी बोलणं झालं होतं. अमुक पौर्णिमेपासून वाहनाचा त्याग, जन्मभर. जाईन तिथं पायी. म्हणजे दुकान ते मंदिर, मंदिर ते घर, फार तर शेत.

"अन् गाड्या?" मी विचारलं.

"पाहून झाल्या."

"खोटं बोलून राह्यले."

ते मग म्हणाले, "एक राह्यली. त्या ऑस्टिनीत बसायचं हाय मले. एक बार. खोटं कायले बोलू तुह्यापाशी."

आणि योग असा की तेही जुळून आलं. नागपूरकडे जुन्या गाड्यांची एक रॅली जाणार होती. समृद्धी महामार्गावर असल्या गाड्यांचं काम नाही, मागून येणारा उडवूनच देईल, म्हणून जुन्या रस्त्यानं. आणि दुपारच्या चहाला शेलूबाजारच्या फाट्यावर थांबणार होती. वकीलसाहेबांची ऑस्टिन त्यात होती. दिवस पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा. काकांना त्या दिवशी कुठं जायचंच नव्हतं. दोनची दोन वाहनं शिल्लक, आणि ऑस्टिन दारात. नियमही मोडायचा नाही आणि हौसही राहायची नाही. मला फाट्यावर भेटले तेव्हा त्यांनी हे दोनदा सांगितलं. काकूंनी नवीन पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला आहे हेही सांगितलं. "ड्युटी असली तरी थांबजो बाई," म्हणाले, "चहापुरती."

त्या दिवशी माझी मालेगावहून कारंज्याकडे दुपारची खेप होती. किन्हीराजाला गाडी थांबली, मी दार उघडलं, आणि खाली पन्नाकाका उभे. पांढरा सदरा, बाहीला काळे डाग. हातात पिशवी, पिशवीतून लाकडी हातोडीचा दांडा बाहेर आलेला.

"तुमी इथी?" मी म्हणाले.

ते पायरीकडे बघत उभे होते. मागचे लोक बाजूनं चढून गेले. शेवटी त्यांनी अंगठ्यानं मधलं बोट दाबलं आणि चढले.

"दोन झाले," म्हणाले.

किन्हीराजाच्या जवळच्या वस्तीवर लग्न होतं. आंदणाची भांडी काकांच्याच दुकानची. सकाळी जीपमधून उतरवताना पाण्याचा मोठा पितळी गुंड खाली आला आणि पोटाला पोचा पडला. नवरदेवाकडची माणसं दुपारी आंदण बघणार. नवरीच्या आईनं रडत फोन केला. दुसरा गुंड त्या मापाचा दुकानात नव्हता. वऱ्हाडातलीच जीप घ्यायला आली आणि काका हातोडी घेऊन तिच्यात बसले. ते पहिलं वाहन.

"दुसरं कोणी नव्हतं का पाठवाले?"

"पोचा काढाचा म्हणजे आतून हलका हात लागते. जोर केला का पत्रा फाटते."

"निघाला?"

"निघाला. आता टिचकी मारली तं बोलते."

"तुमी तं पोचे जपता," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं.

"लगनाच्या दिवशी नाही चालत बाई. मंग जन्मभर पडतातच, ते चालतात."

मी त्यांचं तिकीट काढलं. शून्याचं. ते त्यांच्या हातात देताना मी म्हणाले, "काका, हे पाहा. शून्य लिहेल हाय. हे मोजूच नका."

त्यांनी तिकीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "बसलो तं मोजा लागते."

"मंग चालत याचं होतं."

"तवरक ऑस्टिन निघून गेली असती. न बसता पाहाले तरी भेटन."

मला तेव्हा त्या नियमाचा राग आला. नियमाचा म्हणजे काकांचा. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं आहे, आणि हा माणूस दुसऱ्याच्या गुंडापायी हात झाडून मोकळा होतो. शेलूबाजार येईपर्यंत ते बाहीवरचे डाग पिवळ्या कपड्यानं पुसत होते, आणि डाग पसरत होते.

फाट्यावर ढाब्यासमोर गाड्या ओळीनं उभ्या होत्या. गाव लोटलं होतं. ऑस्टिन सगळ्यात पुढं, आणि वकीलसाहेब तिचं डावीकडचं दार उघडून, हात दारावर ठेवून उभे. काका उतरले. मीही उतरले. स्टॉप होताच, आणि थोडा वेळ थांबायचं मी मनाशी ठरवूनच आले होते.

"या," वकीलसाहेब म्हणाले. "आज पुढची खेप नाही."

"संपले साहेब," काका म्हणाले. दोन बोटं दाखवली. आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं.

वकीलसाहेबांनी दार बंद केलं नाही. ते वकीलच शेवटी, त्यांनी मुद्दा काढला. "पन्नालालजी, तुमचा नियम बसण्याचा आहे. तुम्हीच सांगितलं होतं मला वाशीमच्या वेळचं, हालणं मोजत नाही, बसणं मोजतो. बरोबर? मग बसू नका. इथं उभे राहा." त्यांनी पायदानावर हात थोपटला. "दार धरा, उभे राहा. मी गावाच्या टोकापर्यंत नेतो आणि आणतो. बसलात कुठं?"

भोवतीचे लोक हसले, पण काका हसले नाहीत. ते पायदानाकडे बघत होते. एकाच जागी झिजलेलं काळं रबर. किती तरी वेळ बघत होते. मोह झाला होता, अगदी स्पष्ट दिसत होतं. एक पाय थोडा पुढंसुद्धा आला होता. मला वाटलं, चढतात आता. मला फार वाटत होतं चढावं म्हणून.

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुह्या गाडीत जो उभा राह्यते, त्याले तिकीट देते का नाही तू?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. वकीलसाहेबांनी डोळ्यांनी मला काहीतरी सुचवलंही. पण आजवर दांड्याला लोंबकळणाऱ्या एवढ्या माणसांकडून मी तिकिटाचे पैसे घेतले होते.

"द्यावंच लागते काका," मी म्हणाले.

"मंग?"

वकीलसाहेबांनी दार हळूच लावलं. रॅलीच्या म्होरक्यानं शिट्टी मारली, माणसं आपापल्या गाड्यांकडे पळाली, इंजिनं सुरू झाली. मीही बसमध्ये चढले. बसच्या पायरीवरून मला पुढचं सगळं दिसत होतं.

वकीलसाहेब ऑस्टिनमध्ये बसले. काका डाव्या बाजूला उभे होते, पोच्याच्या शेजारी. त्यांनी टिचकी मारली नाही. आख्खा तळहात त्या खळग्यात ठेवला. तो तिथं बरोबर बसला. आत वकीलसाहेबांनी ते बघितलं असणार, कारण गाडी निघाली ती निघालीच नाही म्हणावी अशी. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं. काका तिच्याबरोबर चालू लागले.

मागच्या गाड्यांनी आधी भोंगे वाजवले, नाना आवाजांचे, मग एकेक करून थांबले. फाट्यापासून गावाच्या टोकापर्यंत ती सगळी वरात एका म्हाताऱ्याच्या पायानं चालली होती. सदऱ्याच्या बाहीला डाग, खांद्याला पिशवी, पिशवीतून हातोडीचा दांडा. कॅमेरा आतच होता, त्यांनी तो काढला नाही. त्यांचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, लोकांकडे नव्हतं. हाताखाली पत्रा थरथरत असेल, ते मान तिरकी करून तेच ऐकत होते.

आमची बस शेवटच्या जीपच्या मागं उभी. "काहून थांबली हो गाडी?" मागून कोणी तरी विचारलं. गजूभाऊ आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, बेल द्या ना, बाजूनं काढतो." दोनदा दोरी ओढली की गाडी निघते. मी दोरी धरून उभी राहिले, ओढली नाही. जाऊ दे काकांना पुढं, मी म्हणाले.

गावाच्या टोकाला, जिथं हरभऱ्याची शेतं सुरू होतात, तिथं काकांनी हात उचलला. ऑस्टिननं वेग घेतला, मागच्या गाड्या भराभर निघून गेल्या. मग आम्ही निघालो. बस त्यांच्याजवळून गेली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते, उजवा हात अजून पुढं, मडगार्डाच्या उंचीवर. तळहात धुळीनं काळा झाला होता. डाव्या हातानं त्यांनी पिशवीतला पिवळा कपडा काढला, हाताकडे बघितलं, आणि कपडा तसाच पुन्हा आत ठेवून दिला. मग गावाकडे तोंड करून चालू लागले.